सॉफ्ट कोरल मिटलंय, मलूल पडलंय, वितळतंय? बाटली उघडायच्या आधी काय काय बघायचं

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) सांभाळायचा टँक, नवीन लावलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, कालपर्यंत मस्त फुललेलं लेदर कोरल आज सकाळपासून आक्रसून बसलंय, काय टाकू? मग पाच जण पाच बाटल्या सुचवतात, कोण आयोडीन म्हणतं, कोण बॅक्टेरिया, कोण म्हणतं लाइट वाढव, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत हे सगळं करून मोकळा होतो. दोन दिवसांनी बाकीची कोरलंपण मिटतात आणि आता नक्की कशाने मिटली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून खाली औषधं कमी आणि शोध कसा घ्यायचा ते जास्त लिहिलंय.

सॉफ्ट कोरल म्हणजे इथे दुकानात त्या नावाखाली जे जे मिळतं ते सगळं धरलंय: टोडस्टूल आणि फिंगर लेदर, केनिया ट्री, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, शिवाय झोआ (बटणासारख्या छोट्या पॉलिपची कॉलनी) आणि मशरूम. खरं तर झोआ आणि मशरूम हे वेगळ्या कुळातले, खऱ्या सॉफ्ट कोरलच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एकेका जिवाला, बरोब्बर आठ पिसासारखे हात असतात, यांना तसे नसतात. पण सांभाळायची पद्धत जवळपास सारखी, त्यामुळे छंदवाले सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात.

पहिली पायरी: हात मागे घ्या

मिटलं म्हणजे मेलं नाही. सॉफ्ट कोरलच्या अंगात पाणीच पाणी असतं, ते सोडून दिलं की ती निम्म्याहून लहान दिसतात, आणि रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर तर बरीचशी रोजच असं करतात. नवीन आणलेला फ्रॅग, म्हणजे कोरलचा कापून घेतलेला छोटा तुकडा, चार-पाच दिवस उघडला नाही तरी चालतं. त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच लाइटमध्ये परत काढायचा. सकाळचा फोटो आणि रात्रीचा फोटो यांची तुलना करून रडण्यात अर्थ नाही. कोरल उचलून इकडून तिकडे ठेवणं तर अजिबात नको, प्रत्येक वेळी जागा बदलली की त्याला लाइट आणि प्रवाहाशी पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं.

याला अपवाद एकच. कोरलचा भाग काळा-तपकिरी पडून बुळबुळीत झालाय, तुकडे सुटून तरंगतायत, आणि पाण्याबाहेर काढल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतोय, तर वाट बघायची नाही, थेट खाली कापाकापीवर जा.

दुसरी पायरी: एकच रुसलंय का सगळी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. टँकसमोर बसून मोजा. एकच कोरल मिटलंय आणि बाकी मजेत आहेत, तर पाण्याला दोष देऊ नका, पाणी सगळ्यांचं तेच आहे. गडबड त्या जागेत आहे, लाइट, प्रवाह, शेजारी किंवा त्याला खाणारा कोणीतरी. पण चार-पाच वेगवेगळ्या जातींनी एकदम दार लावून घेतलंय, गोगलगायी सुस्त आहेत, कोळंबी कोपऱ्यात उलटीपालटी होतेय, तर मग पाणी किंवा घरात काहीतरी झालंय.

हो, घरात. मागच्या आठवड्यात काय काय झालं ते घरातल्या सगळ्यांना विचारा. पेस्ट कंट्रोल झालं का, शेजारच्या खोलीत रंगकाम चालू आहे का, डासांचं लिक्विडचं मशीन टँकजवळच्या प्लगला कोणी लावलं का. या मशीनमध्ये आणि कॉईलमध्ये पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, ते मासे आणि कोळंबीवर्गाला भलतंच विषारी आहे, आणि तुमचा एअर पंप किंवा स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मारत असतो. काच पुसायला स्प्रे मारला, हाताला क्रीम असताना टँकमध्ये हात घातला, माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कोणीतरी तांबं असलेलं औषध थेट रीफ टँकमध्ये ओतलं, हे सगळं यातच येतं. तांब्याचं औषध कोरलच्या टँकमध्ये कधीच घालायचं नाही. दुकानदार म्हणाला तरी नाही!

असं काही सापडलं तर मोठा वॉटर चेंज, म्हणजे साधारण पाव टँक पाणी काढून नवीन खारं पाणी, आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, नीट धुऊन, पाणी त्याच्यातून जाईल अशा ठिकाणी. दोन दिवसांनी कार्बन बदला. बाकी काही नको.

सगळी मिटली असतील तर पाणी या क्रमाने तपासा

आधी तापमान. काचेला चिकटवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, बुडवायचा थर्मामीटर घ्या, आणि तोही दुपारी तीन-चारला बघा, सकाळी नाही. २४ ते २६ अंश उत्तम, २७ पर्यंत काही बिघडत नाही, २८ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं आणि ३० ला टँक कित्येक दिवस राहिला तर कोरल पांढरी पडायला लागतात, कारण त्यांच्या अंगातलं शैवाल, जे त्यांना निम्म्याहून जास्त अन्न बनवून देतं, ते बाहेर टाकलं जातं. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नाशकाकडे पाण्यावर पंखा मारला तर हवा कोरडी असल्यामुळे दोन-तीन अंश आरामात उतरतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेत तोच पंखा फारसं काही करत नाही, कारण बाष्पीभवनच होत नाही नीट, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी याला पर्याय नाही. महाग आहे, मान्य, पण हा खर्च टँक घ्यायच्या आधीच धरायचा असतो. तापमान वाढलंय म्हणून बर्फ ओतू नका, गोठवलेली बंद बाटली संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडा आणि सावकाश उतरू द्या.

मग सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा. घनतेच्या आकड्यात १.०२५ ते १.०२६ पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात बिघडते ती हीच, कारण पंखा लावलेल्या टँकमधून रोज दोन-चार लिटर पाणी सहज उडून जातं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची भर ही गोड्या आरओ पाण्यानेच घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. नवशिके इथे हमखास गंडतात, समुद्राचा टँक आहे म्हणून खारं पाणी ओतत राहतात आणि महिन्याभरात सॅलिनिटी १.०२९-१.०३० वर जाऊन बसते. समजा २०० लिटरच्या टँकमध्ये १.०२९ आली, तर एकूण अंदाजे १८-२० लिटर टँकचं पाणी काढून तेवढंच आरओ घालावं लागेल, पण ते एका झटक्यात नाही, रोज पाचेक लिटर करत चार दिवसांत. उलट्या बाजूने कमी झाली असेल तर भर घालताना काही दिवस थोडं खारं पाणी वापरून तसंच हळू वर न्या.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसता साध्या पाण्याने शून्यावर आणून चालत नाही, ३५ पीपीटीचं (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) कॅलिब्रेशन सोल्युशन मिळतं, त्याने जुळवा. काटा हलणारा जो प्लास्टिकचा हायड्रोमीटर असतो त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो, आणि तुम्ही त्या खोट्यावर उपचार करत बसता.

तिसरं अमोनिया. शून्यच हवा. टँक दोन-तीन महिन्यांचा आहे, एकदम चार मासे आणले, किंवा एखादा मासा खडकामागे मरून पडलाय, तर इथे टेस्ट किटमध्ये रंग दिसेल. मासे मोजा.

चौथं, तुमचं आरओ पाणी. किचनमधल्या प्युरिफायरचं पाणी वापरणारे बरेच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळतात, टीडीएस मीटर बुडवा, ५०-१०० दाखवेल. रीफला शून्य लागतो, म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारा फिल्टर) हवंच. बोअरचं पाणी असेल तर विषयच नको.

पाचवं नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं खत, आणि इथे जरा थांबतो. पुष्कळ लोकांना वाटतं जितकं स्वच्छ तितकं चांगलं. सॉफ्ट कोरलच्या बाबतीत हे साफ चूक आहे. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असलं की लेदर, झोआ, झेनिया सगळे खूश असतात. दोन्ही शून्यावर आणलेत, वर फॉस्फेट रिमूव्हर चालू, मोठा स्किमर चालू, मासे दोनच आणि त्यांना उपाशी ठेवलंय, तर झोआ बारीक होत जातात, रंग फिकट होतो आणि वाळूवर तपकिरी बुडबुडेवाला चिकट थर येतो, ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव), ते शून्य पोषणातच माजतात. तिथे उपाय म्हणजे रिमूव्हर काढा, माशांना नीट खायला घाला, वॉटर चेंज थोडे लांबवा. दुसऱ्या टोकाला नायट्रेट ५०-६० च्या पुढे असेल तर आठवड्याला १०-१५ टक्के बदलत खाली आणा, एका दिवसात नाही.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ८-९ डीकेएच (तिचं एकक) असली की बास, कॅल्शियम ४००-४५०. सॉफ्ट कोरल हाडं बांधत नाहीत, त्यामुळे या आकड्यांच्या मागे वेडं व्हायची गरज नाही, फक्त आज ७ आणि उद्या ११ असं नको. किटची एक्स्पायरी मात्र बघा, आपल्या उन्हात आणि दमटपणात ठेवलेली किट लवकर खराब होतात.

एकच मिटलं असेल तर

आधी लाइट. सॉफ्ट कोरलना ५० ते १५० पार (कोरलला वापरता येणारा प्रकाश मोजायचं माप) पुरतो, मशरूमना तर ५०-७० सुद्धा. पार मीटर कोणाकडेच नसतो, तेव्हा लक्षणं बघा. जास्त लाइट झाला तर कोरल फिकट-पांढरं होतं, मशरूम चोळामोळा होऊन कडा आत वळवतात, झोआ अगदी जमिनीला चिकटून राहतात. कमी पडला तर उलट, झोआच्या माना लांब होतात, लेदर लाइटच्या दिशेला झुकतं, रंग तपकिरी होतो. नवीन एलईडी लावलीत, किंवा जुनीचीच काच पुसलीत, तरी तो लाइट वाढलाच. ४० टक्क्यांवर आणून आठवड्याला पाचेक टक्के वाढवा, दिवसाला आठ-नऊ तास पुरे.

मग प्रवाह. पॉलिप डुलले पाहिजेत, एकाच बाजूला आडवे पडायला नकोत. वेव्हमेकरचा (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत थेट लेदरवर असेल तर त्या बाजूचं मांस सोललं जातं. उलट प्रवाह फारच कमी असेल तर लेदरची टोपी आणि स्टार पॉलिपची चटई यांच्यावर घाण साठते आणि तिच्यावर शैवाल चढतं. अशी घाण दिसली तर स्वयंपाकघरातली जुनी बास्टर (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) चालते, हलकेच फुंकर मारून उडवा.

शेजारी बघा. लेदर आणि सिन्युलेरिया जातीची कोरल पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला दाबतात, म्हणून मोठं लेदर असलेल्या टँकमध्ये कार्बन कायम ठेवायचा आणि महिन्याने बदलायचा. एप्टेशिया, म्हणजे ती तपकिरी काचेसारखी दिसणारी तण-ॲनिमोन, शेजारी उगवली असेल तर ती डंख मारत राहते.

नंतर मासे. क्लाउनफिशला ॲनिमोन मिळाली नाही की तो लेदरलाच घर समजून दिवसभर घासत बसतो, दिसायला गोड, पण लेदर उघडत नाही. बुटके एंजल, कोरल ब्यूटी वगैरे, झोआला चोच मारतात. तुम्ही समोर उभे असलात की मासा खायलाच येतो, तेव्हा लांबून बघा नाहीतर मोबाइल लावून अर्धा तास व्हिडिओ घ्या. आणि रात्री टँकचा लाइट बंद होऊन दोन तास झाले की लाल टॉर्च घेऊन झोआच्या कॉलनीकडे बघा. झोआ खाणारी नुडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली छोटी समुद्री गोगलगाय, असते, ती जे झोआ खाते त्यांचाच रंग घेते, त्यामुळे दिवसा समोर असून दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीची चपटी गोल गोगलगाय दिसली तर ती सनडायल, तीही झोआखाऊ, लगेच काढा. ब्रिस्टल वर्म (केसाळ किडा) दिसला म्हणून मात्र बोंबलू नका, तो मेलेलं खायला आलेला असतो.

कोणाचं काय नेहमीचं असतं

टोडस्टूल लेदर अधूनमधून कात टाकतं. टोपीवर मेणासारखा चकचकीत थर येतो, पॉलिप आत जातात, आठवडाभर, कधी दोन आठवडे असंच. मग तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. प्रवाह थोडा वाढवा, बास. काळे डाग आणि वास नसेल तर हा आजार नाही.

झोआच्या देठावर बारीक पिवळट-पांढरे पुरळ आले आणि पॉलिप उघडत नाहीत, तर तो झोआ पॉक्स, तो फ्रॅग वेगळा काढा. मशरूमचं तोंड आ वासून आतडी बाहेर दिसतायत, तर ते त्रासात आहे. खडकावरून सुटून तरंगत असेल तर जागा आवडली नाही, लहान वाटीत खडकाचा चुरा घालून सावलीत ठेवा, आठवड्याभरात चिकटतं. स्टार पॉलिप हलवल्यावर बरेच दिवस बंद राहतात, जांभळी चटई घट्ट आणि जांभळीच आहे तोवर काळजी नको, चटई करडी होऊन मऊ पडली तर काळजी. झेनिया हा प्रकार वेगळाच, एकाच्या टँकमध्ये तण, दुसऱ्याच्या टँकमध्ये एका रात्रीत चिखल. ती प्रवास सोसत नाही आणि अति स्वच्छ पाण्यात टिकत नाही. वितळायला लागली तर चांगली फांदी कापून दुसऱ्या खडकावर अडकवा आणि बाकीचा चिखल सायफनने लगेच ओढून घ्या, तो सडला की अमोनिया.

कापणं आणि डिप

आधी हातमोजे आणि चष्मा. हा भाग वाचून सोडून देऊ नका. झोआ, त्यातही त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच एका पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि निसर्गात सापडणाऱ्या सगळ्यात जहाल विषांत ते मोडतं. झोआ असलेला खडक उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, कोरडा घासायचा नाही, ड्रिल-ग्राइंडर लावायचा नाही. परदेशात लोकांनी खडक स्वच्छ करायला उकळला आणि त्या वाफेने घरातली सगळी माणसं हॉस्पिटलात गेली, असं एकापेक्षा जास्त वेळा झालेलं आहे. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नको. नंतर ताप, धाप, तोंडाला कडवट धातूची चव असं वाटलं तर डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हे नाव सांगा, कारण त्यांच्या डोक्यात ते येणार नाही.

लेदर सडत असेल तर ते टँकच्या पाण्याच्या बादलीत काढा, नवीन ब्लेडने सडका भाग आणि त्याच्या भोवतीचा अर्धा-एक सेंटिमीटर चांगला भागपण कापा. काटकसर केलीत तर सड परत चालू होते. खोड सडलं असेल तर टोपी कापून घ्या, टोपीतून नवीन लेदर येतं, ही जात चिवट आहे. मग आयोडीनवालं कोरल डिप, म्हणजे कोरल काही मिनिटं बुडवून ठेवायचं औषध, लेबलवर लिहिलंय तेवढंच, तेवढीच मिनिटं, टँकच्याच पाण्यात बनवून. घरातलं बीटाडीन चालेल का असं हमखास विचारतात, स्क्रब लिहिलेलं तर अजिबात नाही, त्यात साबण असतो, कोरलचं डिपच आणा. नंतर दुसऱ्या बादलीत धुवा, आणि डिपचं पाणी टँकमध्ये परत ओतू नका. कापलेलं लेदर भरपूर चिकट स्राव सोडतं, त्यामुळे फेव्हिक्विकसारखा जेलवाला सुपरग्लू धरत नाही, रबर बँड किंवा जाळीने सैलसर बांधा.

नुडिब्रँकसाठी डिप असेल तर एकदाच करून थांबू नका. मोठी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सात दिवसांनी परत, असं तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी देठांमधली अंड्यांची पांढरी वळणं चिमट्याने काढा.

लाइट गेली तर

पावसाळ्यात हे होणारच. कोरलना अंधाराने एक दिवस काही होत नाही, पाणी थांबल्याने होतं, ऑक्सिजन संपतो. इन्व्हर्टरवर सगळा टँक टाकू नका, फक्त एक वेव्हमेकर टाका, तो रात्रभर चालेल. नाहीतर बॅटरीवरचा एअर पंप स्वस्तात मिळतो, आणून ठेवा.

आणि मेलेल्याच्या जागी नवीन आणताना

नवीन फ्रॅग थेट मोठ्या टँकमध्ये नाही. आधी डिप, मग ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बुडख्यावर, तो चिकटवून येतो तो प्लग शक्यतो कापून फेका, कारण अंडी आणि एप्टेशिया तिथेच असतात, मग २०-३० लिटरच्या साध्या टँकमध्ये तीन-चार आठवडे. सुरुवात तळाशी, सावलीच्या बाजूला.

आणि मालवणला स्नॉर्केलिंगला गेलो होतो, खडकावरून थोडं उचलून आणलं, असं करायचं नाही. प्रवाळ बांधणारी सगळी कोरल, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालंय, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला सांगाडासुद्धा त्यात येतो. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये हाजीअली-वरळीच्या खडकांवरची मोजकी कोरल हलवायची होती तर पालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. दुकानात घेताना बिल मागा, आयात केलेलं का इथेच वाढवलेला फ्रॅग ते विचारा, आणि छंदवाल्यांकडे टँकमध्ये कापून वाढवलेला फ्रॅग मिळत असेल तर तोच घ्या, स्वस्तही पडतो आणि आपल्याकडच्या पाण्याला, आपल्याकडच्या उन्हाळ्याला सरावलेलाही असतो.